पट्ट्याला मी उपास म्हटलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही नाही — तिथे तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत राहायची, म्हणजे हे ओठांवर यायला नको. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगायची वेळ मी इतक्या व्यवस्थितपणे घालवली, की आता उरलात तुम्हीच. खरं कारण मला कळत नाही. हे वाक्य तुम्हाला पुढे बरेचदा ऐकावं लागेल, तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवात कुठून करू? कमरेपासूनच करते.

माझं दुसरं बाळंतपण माहेरी, येवल्याला झालं. त्र्याण्णव साल. आमच्याकडे बाळंतिणीचं पोट बांधायची पद्धत आहे, तुमच्याकडेही असेल. आईनं तिचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती पातळ उभं फाडून त्याचा लांबलचक पट्टा केला होता. अंघोळ आणि शेक झाला, की मालीश करणारी बाई तो माझ्या पोटावरून फिरवून फिरवून गुंडाळायची आणि शेवटच्या वेढ्याला असा काही ओढायची, की मी कण्हायची आणि आई हसायची. सव्वा महिना बांधायचं, मग सोडायचं. सगळ्या बायका सोडतात. मीच सोडलं नाही.

का नाही सोडलं? नाशिकला परत आले, इंदिरानगरच्या आमच्या रो-हाउसमध्ये, आणि पहिल्याच संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका लांबच्या मावशींनी माझ्या हातावर वाण ठेवता ठेवता विचारलं, ‘कितवा महिना?’ बाळ तेव्हा माझ्या कडेवर होतं. आजूबाजूच्या बायका हसल्या, मीही हसले. मावशी बिचाऱ्या ओशाळल्या, त्यांची नजरच कमी होती. आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? तेच तर मीही स्वतःला विचारते. एवढ्यावरून माणूस अकरा वर्षं स्वतःला बांधून ठेवतं का? त्या मावशींवर ढकलायची मला फार हौस आहे, पण ढकलता येत नाही. त्या हसून विसरल्याही असतील.

दुसऱ्या दिवसापासून मी येवल्याचा तो पट्टा पुन्हा काढला. पण पातळाच्या कापडाला दम नसतो, दुपारपर्यंत ते ढिलं पडून गोळा व्हायचं. मग शालिमार चौकातल्या एका दुकानातून पाठदुखीचा पट्टा आणला. तोही पुरेना. शेवटी एका इंग्रजी मासिकात, शाळेच्या वाचनालयात रद्दीत निघालेल्या, मी ते चित्र पाहिलं. जुन्या काळच्या गोऱ्या बायका, आणि मुठीत मावेल अशी कंबर. खाली लिहिलं होतं, कॉर्सेट. मी ते पान फाडून पर्समध्ये ठेवलं. मी, जी चौथीच्या मुलांना पुस्तकाचा कोपरा दुमडला म्हणून उभं करायची.

पंचवटीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, आमच्या ओळखीपाळखीतल्या कुणाचंच काम तिथे जात नव्हतं. त्यांना मी चित्र दाखवलं नाही, तोंडी सांगितलं — पाठीला आधार हवाय, डॉक्टरांनी सांगितलंय. दुहेरी मांजरपाट, आत बक्रमचा कडक थर, उभ्या शिवणींत बांबूच्या घासलेल्या कामट्या, आणि मागे बुटाला असतात तशा रिंगांतून ओवलेली परकराची नाडी. नाडीची दोन्ही टोकं पुढे आणून बांधायची. त्या बाईंनी मनापासून शिवलं. कामट्या टोचू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना कापूस लावला, आणि ‘पाठीला जपा हो,’ म्हणाल्या. पाठीचं ते कारण ही माझी पहिली खोटी गोष्ट. तेव्हा ती किती लहान वाटली होती!

तुम्ही कधी पट्टा बांधून अख्खा दिवस काढलाय? सुरुवातीला मी बावळटासारखी सकाळी सातपासून रात्रीपर्यंत बांधायची. चौथ्या दिवशी शाळेत प्रार्थनेला उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी एका पोराच्या खांद्याला धरून उभी राहिले. मग मात्र डोकं चालवलं. शाळेतली बाईच ना शेवटी — वेळापत्रक केलं. सकाळी आठला खाऊन घ्यायचं, कारण बांधल्यावर घास उतरत नाही. दहाला बांधायचं, दोन बोटं जातील इतकं सैल. शाळेत पोचल्यावर बाथरूममध्ये एक बोट. मधली सुट्टी झाली की पुरतं. साडेपाचला घरी, दार लावून सोडायचं. सोडलं की पोटावर नाडीचे आणि कामट्यांचे लाल वळ, त्यावर घामोळ्याची पावडर. मार्च-एप्रिलमध्ये तर पावडरचा डबा आठवड्याला एक. खडू खाली पडला तर मला वाकता यायचं नाही. मी नुसती खडूकडे बघायची, मुलं धावत येऊन उचलून द्यायची, आणि मुख्याध्यापिका म्हणायच्या की चौथीच्या वर्गाला काय शिस्त आहे. फळ्याच्या खालच्या भागावर मी कधी लिहिलंच नाही. तिथे मुलांनी फुलं काढायची, असं ठरवून टाकलं.

वाळत घालायची एक पंचाईत. तो पट्टा मी परकराच्या आत घालून, दोरीवर मागच्या बाजूला वाळवायची. नवऱ्याला माहीत होता, पण ‘हिच्या पाठीचा पट्टा’ म्हणूनच. तो बिचारा लोकांना सांगायचा, हिची पाठ नाजूक आहे, आणि बाजारातून येताना जड पिशवी स्वतः घ्यायचा. मला वाटतं, त्याचं माझ्या कमरेकडे कधी लक्षच नव्हतं. मग कुणासाठी होतं ते सगळं?

आता मुख्य गोष्टीकडे येते. येते म्हणजे — यायलाच हवं.

अडचण जेवणाची होती. स्टाफरूममध्ये दोन वाजता सगळ्या जणी डबे उघडायच्या, एकमेकींच्या भाज्या वाढायच्या, आणि ‘घे गं, एक तरी घे’ हा आमच्याकडचा आग्रह तुम्हाला माहीत आहे. पट्ट्यात भाजी-पोळी जात नाही. सारखं ‘भूक नाही’ किती दिवस म्हणणार? एका सोमवारी मी सहज म्हणून गेले, ‘आज उपास आहे.’ आणि काय सांगू — सगळ्या एकदम गप्प. कुणी आग्रह नाही, कुणी चेष्टा नाही. एकीनं तर स्वतःचा डबा जरा पलीकडे सरकवला, मला वास नको म्हणून. उपास म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्नच येत नाही. कुणी आजारी आहे म्हटलं तर दहा औषधं सांगतील, पण उपासाला लोक वाट मोकळी करून देतात.

मग मी वेळापत्रक उपासांवर बसवलं. सोमवार महादेवाचा आणि गुरुवार दत्ताचा — हे दोन दिवस पूर्ण आवळायचं. मंगळवार, बुधवार, शुक्रवार सैल, तेव्हा अर्धी पोळी जायची. शनिवारी सकाळची शाळा म्हणून बारापर्यंतच. रविवारी सुट्टी. शिवाय एकादशी आणि चतुर्थी हाताशी होत्याच. लग्नपत्रिका आली की बाकीचे मुहूर्त बघायचे, मी तिथी बघायची. नवी साडी, आत घट्ट पट्टा आणि पंगतीला न बसायचं कारण, असं सगळं एकाच दिवशी जुळून आलं की मला खरंच बरं वाटायचं. भिंतीवरची दिनदर्शिका माझ्याइतकी बारकाईनं भटजीही वाचत नसतील.

आणि सकाळी आठला मी काय करायची? स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रात्रीची पोळी दुधात कुस्करून खायची. घाईघाईत, सासूबाई अंघोळीला गेल्या असताना. सोमवारीसुद्धा. म्हणजे तो उपासही नव्हता. संध्याकाळी साडेपाचला पट्टा सुटल्यावर मी तो उपास ‘सोडायची’, आणि सासूबाई पहिली गरम भाकरी माझ्या ताटात वाढायच्या. घरात सगळ्यांच्या आधी, धाकट्या दिराच्याही आधी. त्यांचं माझ्यावर तोवर काही विशेष प्रेम नव्हतं. नोकरी करणारी सून म्हणून जरा अढीच होती. त्या उपासांनी ती गेली. कॉलनीत त्या सांगायच्या, ‘आमची मोठी शाळा सांभाळून उपास करते, तेज बघा चेहऱ्यावर.’ तेज कसलं, अंग आवळल्यामुळे आलेली लाली ती! पण मला ते ऐकायला आवडायचं. खोटं आहे हे माहीत असून आवडायचं. हे कसं होतं, सांगा ना मला. एकाच माणसाला लाजही वाटते आणि गुदगुल्याही होतात, असं होतं का?

सत्त्याण्णवमध्ये धाकट्या दिराचं लग्न झालं आणि वैशाली घरात आली. निफाडकडच्या एका गावची, वडलांचा द्राक्षाचा मळा. हसरी, गोलमटोल, बोलताना हातवारे करणारी. तिचं ‘हाय’ आणि ‘नाय’ ऐकून सासूबाई नाक मुरडायच्या, मी मात्र तिला जीव लावला. खरंच लावला. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. जीव लावलेल्या माणसाशी मी असं वागले, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

नव्व्याण्णवच्या सुरुवातीला तिला मुलगी झाली, सायली. तीन महिन्यांनी ती माहेराहून परत आली ती बाळंतिणी येतात तशीच — भरलेली, सुटलेली, थकलेली. तिच्याही आईनं पोट बांधलं होतं, पण सव्वा महिन्यानं सोडलं होतं, रीतीप्रमाणे. दीर तोंडानं फटकळ. एकदा जेवताना सगळ्यांदेखत म्हणाला, आता हिच्यासाठी दार मोठं करावं लागेल. सगळे हसले. वैशालीही हसली. तिचं हसणं मी ओळखलं, कारण ते माझं होतं, त्या संक्रांतीचं.

एप्रिलात आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. सोमवार होता, शाळेला कसलीशी सुट्टी. मी खाली बसू शकत नव्हते, म्हणून स्टुलावर बसून तिला चीक देत होते. ती उन्हात लाल झाली होती. सोऱ्या दाबता दाबता थांबली आणि म्हणाली, ‘ताई, खरं सांगा ना ओ. दोन लेकरं झाली तरी तुमची कंबर अशी. काय करता तुम्ही? मला लय लाज वाटती ओ ह्या पोटाची.’

त्या क्षणी पट्टा माझ्या अंगावर होता. तिच्यापासून दोन हातांवर, साडीच्या आत. तिचा हात धरून माझ्या कमरेवर ठेवला असता तरी पुरलं असतं. ती हसली असती, मीही हसले असते, पंचवटीच्या बाईंकडून तिच्यासाठी दुसरा शिवून आणला असता. दोघींनी मिळून परकरात वाळवले असते. किती सोपं होतं! मी म्हणाले, ‘काही नाही गं. उपास. दुसरं काही करत नाही.’

का म्हणाले? ती कुणाला सांगेल अशी भीती होती? सासूबाईंच्या पहिल्या भाकरीची चटक लागली होती? की — हे लिहिताना हात अडतो — तिनं माझ्यासारखं दिसू नये असं वाटलं? मी खूप शोधलंय. तिन्ही उत्तरं थोडी थोडी खरी वाटतात आणि एकही पुरती वाटत नाही.

तिनं उपास धरले. आणि तिनं खरे धरले. सकाळी ओट्याशी उभं राहून दूध-पोळी खाणं तिला कुठून सुचणार? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि स्वतःहून शुक्रवार. नुसता चहा. सासूबाईंनी अंगावर पाजणारीला उपास करूच दिला नसता, म्हणून ती ताट घेऊन वरच्या मजल्यावर जायची, ‘बाळाजवळ बसून जेवते’ म्हणून. मागच्या मोकळ्या प्लॉटवर गायी यायच्या. वरच्या खिडकीतून ती पोळ्या त्यांच्यापुढे टाकायची. मी ते पाहिलं. तिनंही मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवून हसली. म्हणजे घरात हे फक्त मला माहीत होतं. माझ्याशिवाय कुणालाच नाही, हे लक्षात घ्या.

एकदा मी तिला म्हणाले, ‘अगं, पाजतेस तोवर नको करू.’ बोलले, हे खरं आहे. पण कसं बोलले? भाजी निवडताना, मान वर न करता. ती म्हणाली, ‘तुम्ही पण केलेच ना ताई, पोरं अंगावर असताना. तुम्हाला काय झालं?’ यावर उत्तर एकच होतं, आणि ते माझ्या कमरेला बांधलेलं होतं. मी मेथीची काडी मोडली आणि विषय बदलला.

पावसाळ्यात सायलीचं वजन वाढेना. रात्रंदिवस किरकिर. सासूबाई म्हणाल्या, हिच्या अंगावर दूधच नाही, आणि वरचं दूध सुरू केलं, पाणी घालून, बाटलीनं. श्रावण लागला. वैशालीनं पूर्ण श्रावण धरला, रोज एकदाच संध्याकाळी. मी शाळेत जात होते, येत होते, आवळत होते, सोडत होते. तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती. कंबर? कंबर तर काही बारीक झाली नव्हती. हात बारीक झाले, चेहरा उतरला, पोट तसंच. तिला ते कळेना. मला कळत होतं.

मग बाळाला जुलाब सुरू झाले. दोन दिवसांत पोर चोळामोळा झालं, डोळे आत गेले. दवाखान्यात ठेवलं, त्या एवढ्याशा हाताला सलाईन लावलं. शनिवारी रात्री दाखल केलं, रविवारी सकाळी आम्ही सगळे तिथे होतो. आणि ऐका — रविवार माझा सुट्टीचा दिवस. तरी मी पट्टा बांधून गेले होते. दवाखान्यात वैशालीच्या माहेरची माणसं भेटणार होती, चारचौघांत जायचं होतं. मरणाच्या दारात असलेल्या पोराला बघायला जाताना मी आरशासमोर उभी राहून नाडी ओढली. हे वाचून तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा, माझं त्यापेक्षा वाईट म्हणून झालेलं आहे.

डॉक्टरीणबाईंनी वैशालीला विचारलं, तुम्ही जेवता काय दिवसभरात? ती बाळाचं दुपटं नीट करत राहिली. पुन्हा विचारलं. मग तिनं खाली बघत सांगून टाकलं, उपास, किती, केव्हापासून. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या की आईच उपाशी तर दूध कुठून येणार, आणि मग बाटली आली की हे सगळं येतंच. त्या निघून गेल्यावर सासूबाई कडाडल्या. तिच्या आईवडलांदेखत. ‘देवासाठी केले असते तर देव उभा राहिला असता. हिनं बारीक व्हायला केले! मोठीचे उपास बघ आणि तुझे बघ.’ वैशालीची आई पदर तोंडाला लावून रडत होती. वडील, टोपी हातात घेऊन, भिंतीकडे बघत होते. दीर म्हणाला, पोरीला काही झालं तर घरात यायचं नाही.

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं.

ती काही मागत नव्हती. नुसतं पाहिलं. सगळ्या खोलीत तिची म्हणावी अशी मीच होते. मी एक वाक्य बोलायचं होतं — मी सांगितलं तिला तसं, आणि मी खोटं सांगितलं. एवढंच. सगळे माझ्याकडे वळले होते, माझ्या बोलण्याची वाट बघत. छातीखाली कामट्या रुतत होत्या, श्वास अर्धाच येत होता. मी म्हणाले, ‘मी सांगितलं होतं तिला. पाजतेस तोवर नको म्हणून.’

खरं होतं की नाही ते? अक्षर न् अक्षर खरं. मी आयुष्यात बोललेल्या सगळ्या खोट्या गोष्टी एकत्र केल्या, तरी त्या एका खऱ्या वाक्याइतक्या खोट्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, ‘बघा!’ वैशालीनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, ‘हो. सांगितलं होतं ताईंनी.’

सायली वाचली. पाचव्या दिवशी घरी आली, हळूहळू बाळसंही धरलं. मी नवस बोलले होते का, ते आठवत नाही. बोलले असेन तर कुठल्या तोंडानं?

दवाखान्यातल्या त्या रविवारनंतर सोमवार आला, श्रावणी सोमवार. मी दहा वाजता पट्टा बांधला. तुम्हाला वाटलं असेल, आता तरी ही फेकून देईल. मलाही वाटलं होतं. पण फेकला असता, कंबर सुटली असती, कुणी विचारलं असतं, आणि एकातून दुसरं निघालं असतं. आता तर तो बांधणं भागच होतं. पुढची पाच वर्षं मी तो बांधला, शिवणी उसवल्या तिथे स्वतः टाके घालून. दोन हजार चारमध्ये पोटात आग पडायला लागली, घशाशी यायला लागलं, आणि तपासून डॉक्टर म्हणाले की पोटाला आवळणारं काही घालू नका. म्हणून सुटला. पश्चात्तापानं सोडला असं तुम्हाला सांगता आलं असतं तर किती छान वाटलं असतं!

आणि गंमत ऐका. सहा महिन्यांत कंबर गेली. साडीची एक निरी कमी पडायला लागली, ब्लाउज उसवून सैल केले. कुणी — एका माणसानंही — काही विचारलं नाही. ज्या प्रश्नाला अकरा वर्षं घाबरले, तो कुणी विचारलाच नाही. चाळिशी आली, एवढंच म्हणाले. उपास मात्र सुटेनात, कारण ते आता माझी ओळख झाले होते. तेव्हापासून मी ते खरेच करते, सकाळी आठला काहीही न खाता. ते भक्तीनं करते की शिक्षा म्हणून, की निव्वळ सवय — ठरवता येत नाही. देवाला ठरवता येत असेल.

वैशालीचं काय झालं? ‘आईनं उपाशी ठेवलेली पोर’ हे सायलीच्या नावाला चिकटलं. सर्दी झाली, तरी तेच. पहिलीत मार्क कमी पडले, तरी तेच. उंची कमी, तरी तेच. बोलणाऱ्या सासूबाई, पण ऐकून घेणारी मी. वैशाली त्या पोरीच्या मागे वाटी घेऊन धावायची, पोर नको म्हणे, हिच्या डोळ्यांत पाणी. तिनं पुन्हा कधी कुठला उपास केला नाही. महाशिवरात्रीलाही नाही. सासूबाई त्यावरूनही बोलायच्या. दुसरं मूल होऊ द्यायला ती तयारच झाली नाही. ‘माझ्याच्यानं एक नीट झालं नाय,’ म्हणायची. ती हसायची अजून, पण हातवारे गेले होते. पुढे दिरानं पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट घेतला आणि ते वेगळे झाले. मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकते.

सासूबाई दोन हजार आठमध्ये गेल्या. त्यांच्या वर्षश्राद्धाला वैशाली सायलीला घेऊन सकाळीच आली. सायली तेव्हा दहा वर्षांची, काटकुळी, चुणचुणीत. माझ्या मुलीबरोबर गच्चीवर गेली. पानं उठल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. वैशालीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं, हात पदराला पुसले, आणि म्हणाली, ‘ताई, आत्या गेल्या तेव्हापासून मनात आहे. आज बोलते.’ आत्या म्हणजे सासूबाई. मला वाटलं, कळलं. मला वाटलं, तिला सगळं कळलंय. आणि सांगते, त्या क्षणी भीतीबरोबर मला मोकळंही वाटलं. एकदाचं होऊन जाऊ दे.

ती म्हणाली, ‘ते उपास मी देवासाठी नव्हते केले. तुमचा हेवा वाटायचा ओ मला. लय वाटायचा. तुम्ही नको म्हणत होता, तरी मी हट्ट केला. आणि दवाखान्यात तुम्ही खरं बोललात, तर मला तुमचाच राग आला. कितीतरी वर्षं मनात तुम्हाला वाईट बोलले. आपल्या पोरीला आपणच उपाशी मारत होतो, आणि राग तुमचा करत होते. मला माफ करा, ताई.’ आणि माझ्या पायाशी वाकली.

मी सहज वाकून तिला उठवलं, आता मला वाकता येत होतं. तिचा चेहरा माझ्यासमोर होता, ओला, वाट बघणारा. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. सासूबाई नव्हत्या, दीर बाहेर मांडवाच्या माणसाशी बोलत होता. पट्टा नव्हता. भीती वाटावी असं काहीही उरलेलं नव्हतं.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘जाऊ दे गं. मी मनात काही ठेवलेलं नाही. केव्हाच माफ केलंय तुला.’

तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला, डोळे पुसले, खालचं पातेलं उचलून घासायला घेतलं. नंतर सायलीला हाक मारली आणि दोघी साडेपाचच्या बसनं घरी गेल्या.